रीफ टाकीला कोणती रॅस जुळेल?

खारट_कोथरूडकर (धागाकर्ता), शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दीड वर्ष नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

टाकी रीफची, म्हणजे खाऱ्या पाण्याची, प्रवाळ असलेली. माप १२० × ४५ × ५० सेंमी. कागदावर २७० लिटर, दगड-वाळू वजा जाता २२० धरा. खाली संप (गाळणीची वेगळी टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि पाणी गार ठेवायला एक छोटा चिलर. मासे मोजकेच: ऑसेलारिस क्लाउनची जोडी, एक रॉयल ग्रॅमा, एक फायरफिश. शिवाय दोन क्लीनर श्रिम्प, सात-आठ हर्मिट खेकडे आणि गोगलगायी. प्रवाळ सगळे मऊ: झोआ, मश्रूम आणि एक टोडस्टूल लेदर.

अडचण अशी, की टाकीच्या मधल्या पाण्यात कोणी फिरकतच नाही. क्लाउन लेदरला चिकटून, ग्रॅमा गुहेत, फायरफिश दगडाआड. पाहुणे येतात आणि 'मासे कुठायत?' म्हणून विचारतात. त्यात महिन्याभरापासून काचेवर आणि दगडांवर तांबूस चपटे किडे दिसायला लागलेत. दुकानदार म्हणाला, "साहेब, सिक्सलाइन रॅस न्या. किडे खाते, स्वस्त आहे, मरत नाही." रॅस हे माशांचं एक कुळ, एवढंच मला ठाऊक. घ्यावी का? की फेअरी रॅस? फोटोत मेलानुरस रॅस पण फार आवडली.

टाकी वरून उघडी आहे. वाळू इंचभर आणि भरड.

वाळूत_पाय, शनिवार, रात्री ११:१५

वाचतोय. माझाही हाच प्रश्न आहे, टाकी फक्त तीन फुटी.

टाकीमावशी, रविवार, सकाळी ७:०५

अरे, शेवटच्या ओळीत जे उरकून टाकलंस तीच खरी माहिती. उघडी टाकी, इंचभर भरड वाळू. आपण रॅसची पत्रिका मागतो आणि टाकीची दाखवत नाही.

रॅस हे मोठं खटलं आहे, पाचशेच्या वर जाती. बोटाएवढ्यापासून माणसाएवढ्यापर्यंत. त्यामुळे 'रॅस चालेल का' याला उत्तर नाही. आपल्याला दोन प्रश्न पुरतात. ती झोपते कुठे? आणि खाते काय?

झोपण्यावरून दोन घराणी. फेअरी, फ्लॅशर, सिक्सलाइन, पॉसम ही मंडळी दगडांच्या फटीत झोपतात. फेअरी तर रात्री स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोश विणते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं माशाला बुरशी धरली. पहाटे उठवून ह्यांना दाखवलं, ते म्हणाले, मच्छरदाणी लावून झोपलाय बिचारा. दुसरं घराणं वाळूतलं. मेलानुरस, यलो कॉरिस, लेपर्ड. दिवे मावळायला आले की सरळ डोकं खुपसून वाळूत गडप. यांना बारीक वाळूचा निदान दोन इंच थर लागतो. भरड वाळूत अंग सोलवटून निघतं आणि मग जखमेतून आजार.

म्हणजे वाळू बदलणार नसशील तर मेलानुरस आत्ताच यादीतून काढ.

खाण्यावरून सांगायचं तर फेअरी आणि फ्लॅशर पाण्यातून वाहत येणारं बारीकसारीक टिपतात. तुझ्या श्रिम्पला, खेकड्याला, प्रवाळाला हात लावत नाहीत. मेलानुरस दगड चाचपत हिंडते. किडे खाते हे खरं, पण बारक्या गोगलगायी, नळीतले पिसारावाले किडे आणि नुकती कात टाकलेली श्रिम्पही तिला वर्ज्य नसते.

सिक्सलाइनबद्दल दुपारी लिहिते, कुकर लावायचाय.

शेवाळशत्रू, रविवार, सकाळी ९:३०

मावशी येईपर्यंत मीच सांगतो. सिक्सलाइन नको. फायरफिश असताना तर नकोच नको.

वाढून वाढून तीन इंच होते, पण तोरा वाड्याच्या मालकाचा. लहान असताना गोड असते. सहा-आठ महिन्यांनी सगळी टाकी तिच्या नावावर होते आणि मग नवीन येणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्यातच मार. माझ्याकडे तिने फायरफिशला असं कोपऱ्यात घातलं की तो चार दिवस पाण्याच्या पंपामागे उभा होता, खायला बाहेर येईना. पाचव्या दिवशी फरशीवर सापडला. सिक्सलाइनला बाहेर काढायला सगळे दगड उपसावे लागले, कारण ती जाळीला सापडत नाही. पिंजरा लावला, त्यात बाकीचे सगळे मासे आळीपाळीने जाऊन आले, ही सोडून.

निवांत_शिंपला, रविवार, सकाळी १०:१०

असहमत. माझी सिक्सलाइन चार वर्षं आहे, कुणाला त्रास नाही. लोक ऐकीव गोष्टींवर बिचारीला बदनाम करतात.

शेवाळशत्रू, रविवार, सकाळी १०:१८

टाकी केवढी? सोबत कोण?

निवांत_शिंपला, रविवार, सकाळी १०:४०

सहा फुटी. दोन टँग, एक फॉक्सफेस, मरून क्लाउनची जोडी. सिक्सलाइन सगळ्यात शेवटी टाकली.

शेवाळशत्रू, रविवार, सकाळी १०:४४

झालं तर मग! मरून क्लाउनच्या घरात कुणाचीही दादागिरी चालत नाही. तुमची सिक्सलाइन शहाणी नाही, धाकात आहे.

निवांत_शिंपला, रविवार, सकाळी १०:५२

:) हे पटलं. पण माझा मुद्दा तोच की सगळ्यांत शेवटी टाकली तर चालू शकते.

टाकीमावशी, रविवार, दुपारी २:२०

शेवटी टाकली तर चालते, पण मग ती खरंच शेवटची असावी लागते. आपल्याकडे कुणाचा मासा शेवटचा असतो? याने आज रॅस घेतली की दिवाळीला आणखी काहीतरी घेणारच.

सिक्सलाइनचीच हौस असेल तर तिची गरीब स्वभावाची भावंडं आहेत. पॉसम रॅस, दोन-अडीच इंची, दगडांतून हळूच डोकावते. तीन फूटवाल्या 'वाळूत_पाय'ने तीच शोधावी. पण लाजाळू आहे, त्यामुळे धागाकर्त्याच्या पाहुण्यांचा प्रश्न सुटणार नाही.

आणि त्या चपट्या किड्यांचं. ते आधी हाताने कमी कर. पाणी बदलताना बारीक नळीने शोषून घे, दर दोन दिवसांनी. मासा म्हणजे कीटकनाशक नव्हे. एक मेलानुरस धडाधड खाते, दुसरी ढुंकून बघत नाही. औषध टाकून एकदम मारायला जाऊ नकोस. तांबड्या जातीचे किडे मरताना विष सोडतात, आणि संख्या जास्त असेल तर टाकी बसते.

मालवणचो_दर्यावर्दी, रविवार, संध्याकाळी ६:००

रॅस म्हटल्यावर ऱ्हवला नाय. थोडं अवांतर.

मी डायव्हर लोकांबरोबर काम करतो. दोन वर्षांमागे कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर गेलो होतो. तिथे मून रॅस खडकावर अशा फिरतात जशा आमच्या अंगणात कोंबड्या. हिरव्यानिळ्या, शेपटीला पिवळी चंद्रकोर. एक मिनिट थांबत नाहीत. एका कपारीपासून दुसऱ्या कपारीपर्यंत जाऊन येईस्तोवर माझी अर्धी हवा संपते. नंतर मुंबईला एका दुकानात तीच जात दोन फुटी टाकीत बघितली. वीतभर मासा, भिंतीला नाक लावून वर-खाली, वर-खाली. तेव्हापासून मी दुकानात गेलो की आधी तो मासा समुद्रात दिवसाला किती हिंडतो ते आठवतो. ही मून रॅस कुणीही घरी आणू नये. दहा इंच होते आणि श्रिम्प तर चण्यासारखे खाते.

पेठेतली_प्रवाळ, रविवार, रात्री ९:१५

दर्यावर्दींना +१. फसवणुकीचा आणखी एक प्रकार सांगते, कारण मी स्वतः फसलेय.

पाच वर्षांपूर्वी एका दुकानात दोन इंची मासा दिसला. शेंदरी तांबडा, पाठीवर काळ्या कडांचे पांढरे ठिपके, जणू कुणी रांगोळी घातलीय. पाटी होती 'रेड कॉरिस'. मला वाटलं यलो कॉरिस असते तशी ही लाल. घेतली. प्रत्यक्षात या दोघींचा संबंध फक्त व्यापारी नावापुरता. यलो कॉरिस ही हॅलिकोरेस गटातली, जेमतेम साडेचार इंच होणारी. आणि माझी होती ती खरी कॉरिस. तिचा तो लाल झगा फक्त बालपणीचा. मोठेपणी रंग पार बदलतो आणि समुद्रात ती फूट-सव्वा फूट भरते. माझ्याकडे दीड वर्षात सात इंच झाली. दगड उलथून खालचं खायची. झोआची वडी चिकटवावी आणि तिने रात्रीच्या आत उपटावी. हर्मिटचे नुसते शंख उरले होते. शेवटी ओळखीच्या एका मोठ्या टाकीवाल्याला दिली.

तर दुकानातली पाटी वाचू नका. शास्त्रीय नाव विचारा, फोनवर त्याच जातीच्या पूर्ण वाढलेल्या नराचा फोटो काढा आणि मग ठरवा. रॅसचं पिल्लू, मादी आणि नर हे तीन वेगळे मासे वाटावेत इतके वेगळे दिसतात.

तसंच काळ्या पट्ट्याची निळी क्लीनर रॅस 'डॉक्टर मासा' म्हणून खपवतात. तीही नको. तिचं पोट दुसऱ्या माशांच्या अंगावरच्या परजीवींवर. चार माशांच्या टाकीत ती उपाशी मरते.

खारट_कोथरूडकर (धागाकर्ता), रविवार, रात्री ११:००

बाप रे. एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

म्हणजे सिक्सलाइन बाद. मेलानुरस वाळूमुळे बाद. वाळू बदलणं आत्ता तरी जमणार नाही, गेल्या वेळी खालची वाळू ढवळली तेव्हा आठवडाभर पाणी गढूळ होतं आणि घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. उरल्या फेअरी आणि फ्लॅशर. यात निवड कशी करू? जोडी घेता येईल का?

अवांतर: दुसऱ्या दुकानात ॲक्रोपोरा या कठीण प्रवाळाचे तुकडे 'खास गिऱ्हाइकांसाठी' आहेत म्हणाले. घ्यावेत का?

शेवाळशत्रू, रविवार, रात्री ११:०९

अवांतराचं उत्तर आधी. नाही. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, २००१ पासून. वाघ आहे त्याच अनुसूचीत. सी फॅन, काळे प्रवाळ, फायर कोरलही त्यातच. दिवाणखान्यात वाघ बांधणार असाल तर ॲक्रोपोरा घ्या. यावर इथे चर्चा नको, धाग्याचं काश्मीर होतं.

एडिसनची_कोळीण, सोमवार, सकाळी ६:४५

न्यू जर्सीहून लिहितेय. आठ वर्षं फेअरी-फ्लॅशर पाळतेय, त्यामुळे राहवलं नाही.

पहिली गोष्ट, हे सगळे मासे आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात. कळपातला नर गेला की सगळ्यांत दांडगी मादी नर होते. मी भाबडेपणाने एकाच जातीच्या तीन माद्या आणल्या, म्हटलं भांडणारा नरच नको. आठ महिन्यांत त्यातल्या दोघींचे नर झाले आणि एकाने दुसऱ्याला पाण्याबाहेर काढलं. तेव्हा चार फुटात एका जातीचा एकच नर. जोडी घ्यायची तर नर आणि मादी, मादी आकाराने लहान, आणि मादी आधी टाकायची. पण खरं सांगू का, पहिल्यांदा घेत असाल तर एकटा नर घ्या.

एकट्या नराचा तोटा एवढाच, की दाखवायला कुणी नसलं की महिन्यांमागून महिने जातात तसा काहींचा रंग उतरतो. त्यावर माझा उपाय: एक फेअरीचा नर, एक फ्लॅशरचा नर. जात वेगळी असल्याने मारामारी सहसा होत नाही, पण एकमेकांसमोर पिसारा फुलवण्याची चढाओढ चालते. संध्याकाळी दिवे मंद होताना फ्लॅशर पाठीचे लांब तंतू उभारून विजेसारखा सळसळतो. आमच्याकडे त्या वेळेला टीव्ही बंद असतो.

तुमच्या टाकीला फेअरीमध्ये लबॉक्स घ्या, तीन इंचांच्या आसपास राहते आणि स्वभावाने गरीब. किंवा फ्लॅशरमध्ये मॅकोस्कर, ती तर आपल्याच हिंदी महासागरातली, तीही तेवढीच. एक्स्क्विझिट वगैरे पाच इंची दांडग्या जाती फायरफिशसोबत नको.

दुसरी गोष्ट, दुर्मीळच्या मागे लागू नका. मालदीवमध्ये एक गुलाबी फेअरी रॅस आहे, ४० ते ७० मीटर खोल राहते. कित्येक वर्षं सगळे तिला दुसरीच जात समजत होते. २०२२ मध्ये तिला स्वतःचं नाव मिळालं, सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा. धिवेही भाषेत फिनिफेन्मा म्हणजे गुलाब. नाव देणाऱ्यांत अहमद नजीब होते, आणि मालदीवच्या माणसाने नामकरण केलेला मालदीवचा तो पहिला मासा. गंमत म्हणजे बारसं होण्याच्या आधीपासून तो शोभेच्या माशांच्या बाजारात विकला जात होता! मला हे वाचून कसंसंच झालं. माझ्या यादीत होता तो.

खारट_कोथरूडकर (धागाकर्ता), सोमवार, सकाळी ८:३०

ताई, फार उपयोगी माहिती. वाचनखूण साठवली. आता झाकणाचं बोला. काच टाकली तर एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं, आधीच चिलर धापा टाकतो. म्हणूनच उघडी ठेवलीय. तसा फायरफिश वर्षभर आहे, उडाला नाही कधी.

टाकीमावशी, सोमवार, सकाळी ८:५५

उडाला नाही, अजून.

रॅस उडणारच. बोटभर फट पुरते. आणि दिवसा हसतखेळत राहणारा मासा उडतो तो रात्री, दिवे अचानक गेल्यावर. वीज जाते, सगळं काळं, कुणीतरी दचकतं आणि सरळ वर. फेअरीला पाण्याचा वरचा थर आवडतो, म्हणून ती जास्त.

काच नकोच. जाळी कर. खिडक्यांना लावतो ती ॲल्युमिनियमची चौकट सुताराकडून किंवा स्लायडिंगवाल्याकडून मापाने बनवून घे आणि तिच्यात पारदर्शक नायलॉनची जाळी बसव, सहा मिलिमीटरच्या घराची. मच्छरदाणीची बारीक काळी जाळी उजेड खाते, प्रवाळ रुसतात. लोखंडी किंवा पितळी जाळी चुकूनही नको. खाऱ्या वाफेने गंजते आणि पितळेतलं तांबं पाण्यात उतरलं की श्रिम्प पहिले जातात. चौकटीचे स्क्रूसुद्धा बाहेरच्या बाजूला ठेव.

ज्या कोपऱ्यातून पाइप आणि वायरी जातात तिथे लोक आळस करतात, 'एवढ्याशातून काय जाणार'. माझा पहिला फेअरी एवढ्याशातूनच गेला.

शिवाय इन्व्हर्टरवर एक फुटकळ निळा दिवा ठेव, वीज गेली तरी मिट्ट अंधार होत नाही.

पेठेतली_प्रवाळ, सोमवार, सकाळी ११:४०

मासा आणल्यावर लगेच टाकीत सोडू नका हेही सांगून ठेवते. साध्या वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवा. पीव्हीसीचे दोन-तीन तुकडे टाका लपायला. वेगळ्या टाकीलाही जाळी हवी, हे मी अनुभवाने शिकले. परजीवींसाठी कॉपरचं (तांब्याचं) औषध द्यायचंच झालं तर चार-पाच दिवसांत सावकाश चढवा, रॅसना एकदम सोसत नाही.

पुढे कधी वाळूतल्या रॅस घेतल्या तर तिथे बारीक वाळू भरलेला एक डबा ठेवायचा. प्रवासाने दमलेली मेलानुरस तीन-चार दिवस, कधी आठवडाभर वाळूतून वर येत नाही. लोक मेली समजून उकरतात आणि खरंच मारतात. वर आली तरी भलत्याच वेळी उठते, कारण तिचं घड्याळ अजून इंडोनेशियाचं असतं.

वाळूत_पाय, सोमवार, दुपारी १:०५

मग आधीपासूनचे मासे नवीन रॅसला त्रास देणार नाहीत का? माझा क्लाउनच डांबरट आहे.

एडिसनची_कोळीण, सोमवार, संध्याकाळी ७:३०

देतात. पहिले दोन-तीन दिवस रॅसला टाकीतच भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवायचं. सगळे येऊन बघून जातात, काचेवर डोकी आपटतात आणि कंटाळतात. तरी एखादा ऐकेना, तर टाकीच्या बाजूला बाहेरून आरसा टेकवा. तो स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसतो, तोवर नवा मासा जागा शोधतो. दिवसाला तासभर पुरे.

आरशावरून आठवलं. २०१९ मध्ये जपानच्या संशोधकांनी क्लीनर रॅसला आरशासमोर ठेवलं होतं. सुरुवातीला ती भांडली, मग वेडेवाकडे चाळे करून पडताळा घेतला, आणि शेवटी गळ्यावर लावलेली खूण आरशात बघून दगडावर गळा घासायला लागली! वर कुणीतरी तिला 'डॉक्टर मासा' म्हणालंय, त्यांनी निदान बुद्धीचा मान ठेवलाय.

खारट_कोथरूडकर (धागाकर्ता), सात आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:००

धागा वर काढतोय, माहिती द्यायची राहिली होती.

जाळी झाली. स्लायडिंगवाल्याने 'माशांसाठी खिडकी?' म्हणून दोनदा विचारलं. पाइपच्या कोपऱ्यात मावशींना स्मरून जाळीचा वेगळा तुकडा शिवला. किडे नळीने शोषून शोषून बरेच आटोक्यात आलेत, काचेवर तर आता शोधावे लागतात.

लबॉक्स मिळाला नाही. तीन दुकानं फिरलो. एका ठिकाणी मॅकोस्कर फ्लॅशरचा नर होता, अडीच इंची. दुकानदाराला म्हटलं, माझ्यासमोर खायला घाला. त्याने मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) टाकले, पठ्ठ्याने पहिल्या फेरीत टिपले. तिथेच ठरवलं. पंचवीस दिवस वेगळ्या टाकीत, मग तीन दिवस डब्यात. ग्रॅमाने तोंड वासून धमकावलं, पण गुहेपासून वीतभराच्या पुढे आला नाही. क्लाउनना काही घेणंदेणं नाही. फायरफिशची मला सगळ्यात काळजी होती, तर तो आता उलट जास्त बाहेर असतो. वर कुणीतरी निवांत हिंडतंय म्हणजे धोका नाही, असं त्याला वाटत असावं.

परवा रात्री साडेनऊला वीज गेली. इन्व्हर्टरचा निळा दिवा लागायच्या आत जाळीवर 'टप्प' आवाज झाला. टॉर्च घेऊन धावलो. फ्लॅशर खाली दगडाजवळ थिजून उभा होता, सकाळी नाकावर एक पांढरा ओरखडा दिसला. खायला मात्र पहिला आला.

टाकीमावशी, रविवार, सकाळी १०:२०

ओरखडा चार दिवसांत भरेल, औषध ओतू नकोस. दिवसातून तीनदा थोडं थोडं खायला घाल, फ्लॅशर एका वेळच्या जेवणावर वाळतो. संध्याकाळचा फोटो टाक.

खारट_कोथरूडकर (धागाकर्ता), रविवार, सकाळी १०:२६

सत्तर काढलेत मावशी. सगळ्यांत नुसती शेपटी आलीय.